सट्ट्यातला तोटा

मी रत्नागिरीत करसल्लागार. माझे एक जुने अशील दर जुलैत विवरणपत्र भरायला माझ्याकडे येत, टोपी काढून मांडीवर ठेवत आणि वाक्यावाक्याला ‘होय की नाय?’ जोडत. भांड्यांचं दुकान चांगलं चाललेलं, पण त्या वर्षी मिरीच्या वायदेबाजारात, म्हणजे सट्ट्यातच, त्यांनी बराच पैसा घालवला होता.

“दुकानाच्या नफ्यातून हा तोटा वजा होईल, होय की नाय?”

“नाही हो. सट्ट्यातला तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. तोही पुढच्या चार वर्षांत.”

“म्हणजे परत खेळायला हवं.”

मी पुष्कळ समजावलं, पण ते खेळलेच.

दोन वर्षांनी आले ते आरे गावातली वडिलांची आंब्याची बाग विकून.

“शेतजमीन ती. विकल्यावर कर नाय ना लागत?”

“नाही.”

“चला,” ते हसले, “तेवढं तरी वाचलं.”

मी चहा मागवला.