उशाला शिडी

हरिबाचं आयुष्य केजच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांखाली गेलं. हमाली सुटली, पाठ मोकळी झाली, पण नजर काही मोकळी झाली नाही. गल्लीत कोणी जड काही उचललं की हरिबाच्या मानेला आधी ताण यायचा. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याची बाज होती. तिच्यावर बसून तो गल्ली तपासायचा. गॅसवाला टाकी कमरेतून वाकून उचलतो, गुडघ्यातून उचलत नाही. दूधवाल्याची एक किटली भरलेली, दुसरी निम्मी, म्हणून तो वाकडा चालतो. समोरची बाई हंडा बरोबर घेते, पण उंबऱ्यात श्वास सोडते, ते चूक. हे सगळं तो त्या त्या माणसाला खिडकीतून सांगायचा. गॅसवाला हल्ली पलीकडच्या बोळातून यायला लागला होता.

"गल्लीनं तुमाला मुकादम कधी नेमलं?" छबुबाई, त्याची बायको, विचारायची.

"नेमायला कशाला लागतंय? दिसतंय ते सांगतो."

त्याच खोलीत जमिनीवर दोन नाती झोपायच्या. मोठी वैष्णवी, आता सहावीत जाणारी. धाकटी सायली, तिसरीतली. वैष्णवी जशी झोपायची तशीच उठायची. सायली मात्र दाराशी झोपायची आणि आईच्या शिलाई मशीनखाली उठायची. मधल्या वाटेत बहिणीला लाथा, आजीच्या तांब्याला धक्का, आजोबांच्या चपला उशाला. ही रोजची ये-जा झाली होती. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला गादीखाली विंचू निघाला, आणि सून कांचन म्हणाली, "बास. पोरी आता जमिनीवर न्हाई झोपायच्या."

दोन पलंग मावतील एवढी खोली नव्हती. म्हणून एकावर एक असा दुमजली पलंग घ्यायचं ठरलं. बीडला एका दुकानात तसले पलंग होते. रविराज, हरिबाचा मुलगा, खत-बियाण्याच्या दुकानात कामाला. त्याला सुट्टी नव्हती. तेव्हा सून, सासरा आणि दोन्ही पोरी एसटीने बीडला गेल्या.

दुकानातला पलंग गुलाबी होता. त्याच्यावर फुलपाखरं चिकटवलेली. हरिबाने फुलपाखरांकडे पाहिलं नाही. त्याने पलंगाचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला.

"हलतंय," तो म्हणाला.

"बाबा, हलवल्यावर हलणारच की," दुकानातला माणूस म्हणाला.

"आमच्या मोंढ्यात हलवल्यावर काही हलत न्हाई."

कांचनने वरच्या गादीवर हात ठेवला आणि गादीपासून कठडा किती वर येतो ते वितीने पाहिलं. जेमतेम वीत भरली. "कठडा गादीच्या वरून मोजायचा," ती म्हणाली. "एवढी जाड गादी घातल्यावर कठडा राहिला कुठं? सायली उशीवर वळली की पार."

"पातळ गादी घाला ना, मॅडम."

"मग ही जाड कावून दाखवता?"

हरिबाने सुनेकडे पाहिलं. बोलणं त्याला पटलं होतं. पटल्याचं दाखवायची त्याला सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "चला. आपण आप्पाकडून करून घेऊ."

परतीच्या एसटीत सायलीने विषय काढला. "आबा, वर मी."

"तू खाली," कांचन म्हणाली. "वर वैष्णवी."

"मला वर नको," वैष्णवी म्हणाली. "दप्तर कोण चढवणार?"

हरिबाने थप्पीचा नियम सांगितला. पोत्यांची थप्पी लावताना जड खाली, हलकं वर. सायली हलकी. म्हणून सायली वर.

"मामा, थप्पीतली पोती झोपेत लोळत न्हाईत," कांचन म्हणाली.

"लोळू दे. कठडा असा करून घेतो की तिला पडायचंच असलं तरी जमणार न्हाई. वर सायलीच. माझा शब्द हाय."

"शब्द तुमचा, पोरगी माझी. पलंग लागल्यावर मी बघणार. मला जरा जरी भ्या वाटलं, तर ती खाली."

सायली दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने आजोबांच्या दंडाला डोकं टेकलं. ती कोणाच्या बाजूने आहे हे आता सगळ्या गाडीला कळलं.

आप्पा म्हणजे विश्वेश्वर. धारूर रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्या, फाटकं, शाळेचे बाक, सगळं त्याच्या हातचं. हरिबा त्याच्या दुकानात जाऊन बसला तो पलंग होईपर्यंत उठलाच नाही. जेवायला घरी जायचा, तेही विश्वेश्वर जेवायला गेला तरच.

काम मात्र त्याने चोख करून घेतलं. शिडीच्या पायऱ्यांना गोल पाईप नको, तळव्याला रुततो, रुंद पट्टी टाक. कोपरे ग्राइंडरने मार. कठड्याच्या दोन गजांमध्ये किती अंतर ठेवायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी विश्वेश्वरने देवापुढचा नारळ आणला.

"जिथून नारळ जात न्हाई, तिथून पोरीचं डोकं जाणार न्हाई. बरोबर?"

"धडही जायला नको," हरिबा म्हणाला. "पाय गेले, धड गेलं आन डोकं अडकलं, मग?"

"धड नारळापरीस बारीक असलं तर आधी पोरीला जेवायला घाला, नाना."

पण गज त्याने आणखी जवळ घेतले. वैष्णवीला बोलावून खालच्या मजल्यावर ताठ बसवलं, वर डोकं लागत नाही ना पाहिलं. मग हरिबाने शेजारच्या आडतीतून हरभऱ्याची दोन पोती आणवली आणि वरच्या मजल्यावर चढवली. पलंगाने हूं की चूं केलं नाही. पोती उतरवून तो स्वतः वर जाऊन आडवा झाला. रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले.

"नाना, पोरी झोपणार हायेत का मोंढा?" विश्वेश्वर खालून म्हणाला.

"वजन बघून घ्यावं."

"बरं, उतरा. शिडी कुठं टाकू?"

हरिबाने खडूने जमिनीवर खोली काढली. हे दार. दारातून आत आलं की डाव्या हाताची लांब भिंत, तिला पलंग. "शिडी दाराकडच्या टोकाला. पोरगी दारातून आली की शिडी. उगं खोलीभर फिरायचं कावून?"

"आन भिंतीच्या बाजूलाही कठडा टाकू ना?"

"भिंत हाय की. फुकटचं वजन कावून?"

"भिंत असती, पर फटही असती," विश्वेश्वर म्हणाला.

"आप्पा, आमी जन्मभर वजन उचललंय. लागतंय तेवढंच उचलावं, म्हणून तर पाठ शाबूत हाय."

विश्वेश्वरने पुढे काही विचारलं नाही. नट-बोल्टची भोकं पाडताना मात्र त्याने चार भोकं जास्त पाडली. कशाला, हे हरिबाला दिसलं नाही, कारण तो तेव्हा चहावाल्याला पाण्याचं पिंप कसं कलवावं ते सांगत होता.

रविराजच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी पलंग आला. सायलीच्या सांगण्यावरून रंग पोपटी. तुकडे आत नेताना हरिबा दारात उभा राहून "गुडघ्यातून, गुडघ्यातून" म्हणत होता. बोल्ट आवळले. डाव्या भिंतीला पलंग उभा राहिला, कठडा खोलीच्या बाजूला, शिडी दाराशी. पंखा हाताला लागतो का, हे कांचनने वर चढून हात लांबवून पाहिलं. लागत नव्हता. गादीही तिने जुना कापूस पिंजून पातळच करून घेतली होती. कठडा गादीच्या चांगला वर आला. सायली सरसर वर गेली.

छबुबाई उशी घेऊन आली. "उशी कुठं ठेवू?"

"डोकं असतंय तिथं," हरिबा म्हणाला.

"डोकं कुठं असतंय?"

हरिबाने आतल्या टोकाकडे बोट दाखवलं. दाराकडून पाय, शिडीवरून उतरायला बरं.

छबुबाईने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "दार कोणत्या दिशेला हाय आपलं?"

दार दक्षिणेला होतं. जन्मभर दक्षिणेलाच होतं.

"म्हणजे पोरींचे पाय दक्षिणेला," छबुबाई म्हणाली. "माझ्या घरात जित्या माणसाचे पाय दक्षिणेला न्हाई जायचे. तुमी स्वतः त्या बाजेवर दक्षिणेला उशी घेऊन झोपता ते कावून?"

तिने उशी दाराकडच्या टोकाला ठेवली. आता उशी आणि शिडी शेजारी शेजारी आल्या. शिडीसाठी कठड्यात जी मोकळी जागा ठेवली होती, ती बरोबर उशीसमोर. कांचनने त्या जागेतून हात आरपार नेला.

"मामा, एक कूस बदलली की पोरगी दारात."

"पलंग फिरवू," हरिबा म्हणाला.

फिरवला. शिडी आतल्या टोकाला गेली, पण कठडाही फिरला आणि भिंतीला जाऊन लागला. खोलीची बाजू उघडी पडली.

वैष्णवीने नीट पाहून घेतलं. "आता भिंत पडायची भीती न्हाई," ती म्हणाली.

रविराज तोंड फिरवून हसला. पलंग परत होता तसा केला.

"आप्पाला बोलवा," छबुबाई म्हणाली. "कापून शिडी तिकडं लावील. त्यात काय."

त्यात बरंच काय होतं. दारातून आली की शिडी, हे हरिबाने रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. आता जायचं आणि सांगायचं की शिडी उशाला आली. चहावाला तर पिंप सोडून येईल ऐकायला.

त्याने खोलीवर नजर फिरवली. समोरच्या भिंतीत मधल्या खोलीचं दार, तिथे जमत नव्हतं. राहिली उजवी भिंत. तिथे पलंग लावला तर कठडा खोलीकडे, शिडी आतल्या टोकाला, उशी दक्षिणेला. सगळं बसत होतं. फक्त उजव्या भिंतीला खिडकी होती आणि खिडकीखाली त्याची बाज. हरिबाने नजर पटकन काढून घेतली, कोणी तिच्या मागे मागे जाऊ नये म्हणून.

"सायली, उतर," कांचन म्हणाली. "तू खाली. वैष्णवी, तू वर. तू तरी लोळत न्हाईस."

सायली रडली नाही. तिने उशी काखेत घेतली आणि शिडीच्या पहिल्या पट्टीवर पाय ठेवला. आजोबांकडे बघितलंही नाही. हरिबाला ते जास्त लागलं.

"थांब," तो म्हणाला. "उतरू नको." मग रविराजला म्हणाला, "बाज उचल. त्या भिंतीला ने."

"तुमची बाज?"

"दुसऱ्या कोणाची हाय का इथं?"

वैष्णवी म्हणाली, "आबा, मला मगाशीच दिसलं होतं. म्हटलं, तुमी बोलता का बघू."

बाज डाव्या भिंतीला गेली. तिथून गल्ली दिसत नव्हती. दिसत होतं कॅलेंडर आणि शिलाई मशीन. पलंग फिरवून खिडकीपाशी आणला. खिडकीला गज होते, ते रविराजने ओढून पाहिले. पण खिडकीची चौकट भिंतीपुढे आलेली. पलंग तिला टेकला आणि भिंतीपासून वीतभर दूर राहिला.

कांचनने त्या फटीत हात घातला. खांद्यापर्यंत गेला.

"भिंतीकडूनही कठडा पाहिजे," ती म्हणाली.

छबुबाई चहा टाकायला उठली. हरिबाने टोपी घातली आणि धारूर रस्त्याकडे निघाला.

विश्वेश्वरने त्याला येताना पाहिलं आणि आतून पोपटी रंगाचा कठडा बाहेर आणला. तयार होता. रंग वाळलेला.

"हे कधी केलं?"

"तुमी दोन पोती चढवली त्या दिवशी. भोकंबी पाडून ठेवलीत."

"मग बोलला का न्हाईस बे?"

"बोललो की. तुमी पाठ शाबूत हाय म्हणाला."

दुपारी विश्वेश्वर घरी आला, चार बोल्ट आवळले, कठडा बसला. कांचनने दोन्ही कठड्यांना लोंबकळून पाहिलं. मग सायलीला म्हणाली, "झोप आता. मी बघते."

उन्हाची वेळ, सकाळपासूनची दगदग. सायली खरंच झोपली. थोड्या वेळाने तिने लोळायला सुरुवात केली. खोलीकडच्या कठड्याला आपटली. वळली. भिंतीकडच्या कठड्याला आपटली. पायाने शिडीची जागा चाचपली, गुडघा बाहेर आला, परत आत गेला. शिडी पायथ्याशी होती. डोकं सुरक्षित होतं. खाली सहा माणसं वर माना करून बघत होती, विश्वेश्वर हातात चहाची बशी धरून. कांचनने पुरेसं पाहिलं आणि मशीनवर जाऊन बसली.

"असू दे वर," ती म्हणाली.

हरिबाने टोपी काढून परत घातली.

सायली उठली तेव्हा विश्वेश्वर बोल्ट आवळायचे पाने पिशवीत भरत होता. बाज कुठे गेली ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं. "नाना, आता मी आलोच हाय, तर शिडीबी पलीकडं करून देऊ का? पलंग त्या भिंतीला जाईल. तुमची बाज परत खिडकीखाली."

हरिबाने वर पाहिलं. सायली पालथी पडली होती, कठड्यावर हनुवटी, नजर खिडकीच्या गजांतून खाली. बाजेवरून दिसायची त्याच्या दुप्पट गल्ली तिथून दिसत असणार.

"आबा," ती मागे न बघता म्हणाली, "गॅसवाला आपल्या गल्लीतून आलाय. खिडकीत तुमी दिसला न्हाई म्हणून आला वाटतं."

"उचलतोय कसा?"

"कमरेतून."

"सांग त्याला."

सायलीने सांगितलं. आवाज घराण्याचाच होता. बाहेर टाकी दाणकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

विश्वेश्वर अजून पाना हातात धरून उभा होता. "मग, फिरवू शिडी?"

"राहू दे, आप्पा," हरिबा म्हणाला. "फुकटची उचलठेव कावून?"