वारं मागून येतं

माझ्या काकाची लातुरात लग्नाची उघडी गाडी आहे. जुन्या मोटारीचं छत त्यानं स्वतःच्या हातानं कापलेलं. मागच्या उन्हाळ्यात मुरुडच्या रस्त्याला मागं बसलेल्या एका नवरीचा पदर उडाला आणि काकाच्या तोंडावर गच्च बसला. गाडी वळण सोडून खड्ड्यात उतरली. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून काका गाडीत नवरी बसवायचं टाळायचा. आणि पंधरा दिवसांवर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. सासर मुरुडचंच. तिचा एकच हट्ट, जाईन तर काकाच्या गाडीत.

"बंद जीपमधी घाल तिला," काका म्हणाला. "माझ्या हातून पोरीचं काही झालं तर?"

मी म्हटलं, "मागच्या सीटच्या पाठीशी आडोसा लावू. वारं मागून येतं."

"गाडी पळती म्होरं, अन् वारं येतं मागून! चार वर्षं हेच शिकलीस व्हय, इंजिनेर बाई?"

मला झोंबलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढच्या काचेवरून गेलेली हवा मागं खाली पडते आणि उलटी फिरून पुढं येते, हे मला पाठ होतं. मी अॅक्रिलिकचा जाड पत्रा आणला, कापला, नटबोल्टनं आवळला.

चाचणीला माय मागं बसली, पदर मुद्दाम सैल सोडून. चाळीसला पत्रा गुणगुणायला लागला. साठला थरथरला. तेवढ्यात पदर फडफडत काकाच्या कानाशी आला, आणि पत्रा कडाडून तडकला. काकानं ब्रेक दाबला.

"झालं समाधान?"

माय पदर खोचत म्हणाली, "भाऊजी, खळं आठवतंय का? भिंतीच्या आडोशाला उफणलं की भुसा फिरून तोंडावर येतोय. काटेरी कुंपणाच्या आडोशाला न्हाई येत. कुंपण थोडं वारं जाऊ देतंय."

हे पुस्तकातही होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. गाडीपाशी आल्यावर मात्र भिंत बांधून बसले.

दुसऱ्या दिवशी पाइप वाकवून चौकट केली आणि तिच्यावर रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणून सुतळीनं शिवली. काका कडेला उभा राहून बघत होता.

"दिसतंय तर वांग्याच्या वाफ्यावानी."

"दिसू द्या. बसा."

साठला पदर मायच्या मांडीवर राहिला, टोक तेवढं हलत होतं. परतताना काकानं विचारलं, "शालू किती जड असतोय गं?"

लग्नाच्या दिवशी मी स्कूटीवर मागं होते. जाळीवर शेवंतीच्या माळा सोडल्या होत्या, त्यांच्यामधून मला फक्त बहिणीचा पदर दिसत होता. तो खड्डा जवळ आला. पदर वीतभर वर उठला. मग तो तिच्या खांद्यावर परत बसला, आणि वळण पार होताच काकानं हॉर्नवर हात ठेवला तो मुरुडची वेस येईपर्यंत काढलाच नाही.