चोवीस व्होल्टचा डबा

रेल्वेच्या शेडमध्ये सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणत, कारण ते कधी उडतील याचा नेम नसे. जन्म गेला डब्यांच्या वायरिंगमध्ये. घरी तीन खोल्या, पण संध्याकाळी दिवा लागायचा एकाच खोलीत. बायको वारली, लेक सासरी गेली, आणि सहा वर्षांपूर्वी काका कायसं टाकून बोलले तेव्हापासून तिनं येणंही सोडलं. तोंडच तसं फटकळ, काय करणार?

त्या लेकीचा अचानक फोन आला. सहलीच्या गाडीची तिकिटं काढलीत, नातवाला जुन्या लाकडी डब्यात बसायचंय, तुमच्याच स्टेशनवर चढू, आदल्या दिवशी घरी मुक्कामाला येतो. काकांनी तिन्ही खोल्या झाडल्या, उशांचे अभ्रे धुतले. शेडमध्ये शीळ घातली, तर लोकांना वाटलं यांना बरं नाही.

पण तो लाकडी डबा चोवीस व्होल्टचा, गाडीतले बाकीचे सगळे एकशे दहाचे. त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्यांनी केव्हाच मान टाकलेली, आणि तसल्या आता मिळतही नव्हत्या. वाटेत बोगदे, म्हणजे दिवे हवेतच. नव्या साहेबांनी सरळ शेजारच्या डब्याची केबल उचलली.

"प्लग बसतोय की, काका."

अहो, प्लग बसला म्हणून वीज ऐकते होय? काकांनी त्यांचा हातच धरला.

मग काका इरेला पेटले. आठ दिवस त्या डब्यातच. पाच-पाच दिवे एका माळेत ओवले, म्हणजे एकशे दहा व्होल्ट पाचांत वाटले जातील. दिवे लागले, दोन तास छान चालले. काकांनी सवयीप्रमाणे मीटर बाजूला ठेवला आणि भिंतीच्या फळीवर तळवा टेकवला. फळी कोमट लागली. आतल्या जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरला विजेचा इतका दाब सोसत नव्हता, आणि ती बदलायची तर महिना हवा. गाडी चार दिवसांवर आलेली.

"एवढं चालतं हो," साहेब म्हणाले. "तपासणीच्या कागदावर सही करा. नाहीतर डबा काढावा लागेल, आणि बाकी गाडी फुल्ल आहे."

काकांना ते माहीत नव्हतं थोडंच? पेन हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. कोमटच तर आहे, असं दोनदा मनात आलं. मग त्यांनी 'नामंजूर' लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, आमचा डबाच काढला म्हणे. यांनी रजाही रद्द केली, आता नाही जमायचं यायला. पोरगं सकाळपासून जेवलं नाहीये. कोण हो तो तपासणारा? त्याच्या घरी कुणी माणसं नसतील."

"नाहीत," काका म्हणाले.