नावाचं कडवं

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, जलशात गाणी रचायचे आणि स्वतःच म्हणायचे. दिवसा कारखाना, सुट्टीच्या दिवशी या वस्तीतून त्या वस्तीत. त्यांचा एक फोटो नाही. छापलेली एक ओळ नाही. नदीकाठी त्यांची वस्ती होती, ती पुरात गेली. मागे उरली ती आईच्या डोक्यातली त्यांची गाणी, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी नावाचं कडवं.

त्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि वस्तीचं नाव सांगतो. रीत अशी, की त्याच्या आधीचं कडवं संपलं रे संपलं, की समोर बसलेल्या माणसांतून शाहिराच्या घरचे हात जोडून उभे राहतात. बाकी कुणी उठायचं नाही. हे घर त्याचं, एवढं लोकांना दिसावं. आजी आईला कडेवर घेऊन उभी राहायची. आईच्या लहानपणाची सगळ्यात जुनी आठवण तीच होती. सगळे खाली बसलेत, बाप नाव सांगतोय, आणि आपण उंच आहोत.

ही गाणी शिकायला एक मुलगी आमच्या धायरीच्या फ्लॅटवर यायला लागली. हिंजवडीत नोकरी, शास्त्रीय गाण्याचा क्लास, स्वतःची गाडी. खराडीला माझ्या ऑफिसात जी मैत्रीण शेजारच्या टेबलावर बसायची, तिची ही धाकटी बहीण. कॅम्पाच्या पलीकडे एका जुन्या उद्योगपतींचा मोठा बंगला आहे, तिथे जुन्या पुण्यातल्या गाण्यांचा कार्यक्रम होणार होता. खर्च एका सॉफ्टवेअर कंपनीचा. कंपन्यांकडे पैसा आला होता आणि त्यांना संस्कृती हवी होती, बास.

आईने तिला नळाचं गाणं दिलं. शहरात नळ आले आणि आजोबांच्या वस्तीत आले नाहीत, तेव्हाचं.

शहरात आला नळ गं बाई, पाणी बंगल्यात शिरलं जी,
आमच्या वस्तीच्या हंड्यामधी आभाळ कोरडं उरलं जी.

मुलगी हे इतक्या लाडात म्हणायची, की आई कपाळाला हात लावायची. "अगं, गळ्यात एवढी साखर कशाला? भांडतोय तो. नळाशी लग्न नाही करायचं त्याला." मुलगी हसायची, सॉरी आजी म्हणायची आणि पुन्हा तसंच म्हणायची. पण पाठांतर पक्कं होतं. चौथं कडवंही, म्हणजे नावाचं, तिने घोटून घोटून पाठ केलं. आईने तिच्याकडून ते एवढ्यांदा म्हणवून घेतलं, की आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आजोबांचं नाव पाठ झालं असेल.

आईचा डावा कान गेलेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. मला म्हणाली, "एकदा माझ्या बापाचं नाव मोठ्या घरात, मायकवर, परक्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. मग हाही कान गेला तरी माझी तक्रार नाही."

आणि मग तिने उठायचा सराव सुरू केला. हसू नका. तिचे गुडघे कामातून गेले होते. खुर्चीतून उठायचं तर आधी पुढे सरकायचं, मग टेबलाला धरायचं, मग आई गं म्हणायचं, मग उठायचं. तिसरं कडवं संपून चौथं सुरू होईपर्यंत एवढा वेळ कुठला मिळायला! म्हणून जेवायच्या खुर्चीत बसून ती रोज सकाळी उठबस करायची. मी ओरडायचे, "सांधे मोडून घेशील." ती म्हणायची, "मोडू देत. टेबलाला धरून उभं राहिलेलं घर कसं दिसेल?" शेवटी शेवटी ती हात न टेकता एका झटक्यात उठायला लागली. शाळेतल्या मुलीसारखी खूश झाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मोतिया रंगाची साडी नेसली. नव्या चपला चावत होत्या, तरी घातल्या. बंगला काय वर्णावा! छताला झुंबरं, भिंतीवर माणसापेक्षा उंच आरसे, खुर्च्यांना पांढरे झगे आणि मागे फिती बांधलेल्या. बंगल्याच्या मालकीणबाई दारात उभ्या होत्या. आईला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "अय्या, याच का आपल्या आजी! किती गोड! यांना पुढे बसवा हं, फोटोत छान येतील."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. समोर मंचावर पडदा होता, आणि त्यावर हे एवढं मोठं लिहिलं होतं: अनामिकांची गाणी. आईने चष्मा पुसत विचारलं, "काय लिहिलंय गं?" त्याखाली बारीक अक्षरांत होतं ते मी वाचून दाखवलं, "जुन्या पुण्याची गाणी." तिचं समाधान झालं.

निवेदन मालकीणबाईंचंच होतं. बोलायला गोड, मराठी अगदी तुपातली. म्हणाल्या, "ही माणसं केवढी मोठी! गाणं दिलं आणि नाव पुसून टाकलं. आणि आपण? आपण दिसेल त्याला व्हिजिटिंग कार्ड वाटत सुटतो." लोक छान हसले. आईने उजवा कान माझ्याकडे वळवून विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "कौतुक चाललंय." मनातल्या मनात मी त्या बाईंना जे काही म्हणत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी मला आशा होती. मुलीने कडवं पाठ केलं होतं ना! मंचावर कोण कुणाचं तोंड धरतं?

नळाचं गाणं आलं. मागे तानपुरा, बाजूला कीबोर्ड. तिने आभाळावर एक लांबलचक तान घेतली आणि 'कोरडं उरलं' म्हणताना डोळे मिटले. आमच्या पुढचे गृहस्थ बाटलीतलं पाणी पीत होते. बाटली तोंडाची काढून म्हणाले, "क्या बात है." आई खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पावलं जमिनीवर घट्ट. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं.

आई उठली. एका झटक्यात, कशालाही न धरता. हात जोडले. अख्खा हॉल बसलेला आणि ती एकटी ताठ उभी. मी लहानपणापासून ऐकलेलं ते चित्र पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मीही उठायला हवं होतं, घर माझंही होतं, पण मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

मंचावरच्या मुलीने तिला पाहिलं. नक्की पाहिलं. श्वास घेतला, तोंड उघडलं. मग मालकीणबाईंकडे एकदा बघून तिने तोंड मिटलं आणि वाकून नमस्कार केला. कीबोर्डवाल्याने शेवटचा सूर ओढला.

मग आमच्या मागची एक बाई टाळ्या वाजवत उठली. तिच्या शेजारचा उठला. मग रांगच्या रांग उठली, पुढचे बाटलीवाले गृहस्थ उठले, सगळा बंगला उभा राहून टाळ्या पिटायला लागला. म्हातारी उठली म्हणजे उठायचं असतं, असं त्यांना वाटलं. एवढ्या उभ्या माणसांत माझी ठेंगणी आई दिसेनाशी झाली.

तिने माझा दंड धरला. "अगं, यांना बसायला सांग ना. अजून एक राहिलंय."

माइकवरून मालकीणबाई म्हणाल्या, "पाहिलंत? सगळ्यांच्या आधी आमच्या आजी उठल्या! याला म्हणतात दाद!" पुन्हा टाळ्या. आईचे हात अजून जोडलेले होते, त्यामुळे ती टाळ्यांचे आभार मानतेय असंच सगळ्यांना वाटलं. फोटोवाल्याने तेवढ्यात तिचा फोटो काढला. छान आला असणार.

जेवणाच्या वेळी मी मालकीणबाईंना गाठलं. म्हटलं, "अहो, चौथ्या कडव्यात माणसाचं नाव होतं. माझ्या आजोबांचं. ते अनामिक नाहीत."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मला माहीत आहे ना. तिने सांगितलं होतं. पण कसं आहे, नाव आलं की लोक विचारतात कोण, कुठले, कुठल्या समाजाचे. मग चर्चा. गाण्याची संध्याकाळ आहे हो ही, सभा नाही. आणि विषयच अनामिकांचा म्हटल्यावर आपणच सांगा, नाव कसं बसणार?" मग मागे वळून वाढप्याला म्हणाल्या, "यांना पुरण द्या. आजींना तूप जास्त वाढा." इतक्या प्रेमाने कुणी कुणाला कधी मारलं नसेल.

आम्ही जेवलो नाही. रिक्षात आईने विचारलं, "ती विसरली असेल का गं?"

मी म्हटलं, "नाही. गाळलं." खोटं कशाला बोलायचं? तिने पायातल्या चपला काढल्या आणि घरापर्यंत मांडीवर धरून बसली.

दिवाळीनंतर ती मुलगी मिठाईचा खोका घेऊन आली. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी बोलावलं होतं, आणखी गाणी हवी होती. आईच्या पाया पडली. "आजी, माझ्या हातात काही नव्हतं हो. मॅडम म्हणाल्या थीममध्ये बसत नाही."

मला वाटलं, आई तिला दाराबाहेर काढेल. आईने पोहे केले. ओलं खोबरं घातलं, वर लिंबू पिळलं. मुलीचं खाऊन झाल्यावर म्हणाली, "देते की. का नाही देणार? पण आधी मागचं एकदा म्हण. अख्खं. बाप बंगल्यात नाही आला, इथे तरी येऊ दे."

मुलीने तीन कडवी सुरेख म्हटली. आईने मान डोलावली. "आता चौथं."

मुलगी म्हणाली, "शेवटास आता सांगतो मंडळी, कोण तहानेला गातो जी..." आणि थांबली. पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा थांबली. पुढे नाव येत होतं, आणि ते तिला आठवत नव्हतं. नको म्हणून गाळलं आणि मग खरंच गळलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं नाही. का सांगू?

आई म्हणाली, "घाई नाही. पंखा मोठा करू का?"

मुलीने फोन काढला, त्यात शोधलं. रेकॉर्डिंग जुन्या फोनमध्ये राहिलं होतं. तिचे कान लाल झाले. आई हनुवटीला हात लावून, मोठ्या मायेने तिच्याकडे बघत बसली. किती वेळ ते माहीत नाही, पण चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी मुलीला रडू फुटलं.

"रडू नको, बाई," आई म्हणाली. "डोळे सुजतील. अमेरिकेत फोटो चांगले येणार नाहीत." मग खोका तिच्या हातात परत दिला. "माझ्याकडे पोतंभर गाणी आहेत. तुला एक मिळायचं नाही. माझ्याबरोबर जळतील."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मुलगी जिना उतरेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

हसू पुढे आटलं. कारण आईने शब्द पाळला, आणि तो माझ्याशीही पाळला. मी कितीदा म्हटलं, मला तरी सांग, मी कुणाला देणार नाही. ती म्हणायची, "तू भोळी आहेस. कुणी गोड बोललं की देशील." मी रागावले, रडले, अबोला धरला. तिने कान गेल्याचं निमित्त केलं. नंतर तो खरोखरच गेला. ती गेली तेव्हा बाकीची सगळी गाणी तिच्याबरोबर गेली. मला फक्त नळाचं येतं, तेही त्या मुलीला शिकवताना भिंतीआडून कानावर पडलं म्हणून.

बंगल्यातल्या त्या गाण्याचा व्हिडिओ नेटवर आहे. खाली लिहिलंय, पारंपरिक, कवी अज्ञात. लोकांनी आईबद्दलही लिहिलंय. आजींची रसिकता बघा, जुनी माणसं दर्दी असतात, वगैरे. कुणाकुणाला उत्तर देत बसू?

मी तो अधूनमधून लावते. तिसरं कडवं संपतं, आणि दुसऱ्या रांगेत मोतिया रंगाची एक पाठ झटकन वर येते. पुढेमागे सगळे बसलेले. तिथे मी व्हिडिओ थांबवते, मागची ती बाई उठायच्या आत. मग चौथं कडवं मी म्हणते, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, वस्तीचं नाव. हात जोडून, उभी राहून म्हणते. आता घर म्हणजे मी एकटीच.