रंग आक्काच ठरवणार

हिऱ्याचं नाव काढलं की आक्का नाक मुरडायच्या. "हिऱ्याचं काय एवढं कौतुक? ज्याचा दिवा, त्याची चमक! रंगीत खड्याला स्वतःचं मत असतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. कुणी वाद घातलाच, तर त्याच्या तळहातावर एक माणिक ठेवून गप्प बसायच्या. गप्प बसणं त्यांना एरवी जमत नसे, म्हणून त्याचा परिणाम फार व्हायचा. माणूस खिडकीशी जाऊन खडा फिरवत राहायचा. लालाच्या आत आणखी लाल, आणि त्याच्याही आत कुठेतरी निखारा. हिरे ठरवून आलेली कितीतरी गिऱ्हाइकं माणिक नाहीतर पाचू पक्का करून गेली.

कारखाना म्हणजे काय, तर घरामागची एक खोली. मोठी खिडकी, आणि खिडकीशी दोन मेजं. एकावर आक्का खडे जुळवायच्या आणि बसवायच्या, दुसऱ्यावर त्यांची सून तयार दागिन्याला पॉलिश करायची. मुलाला निळा आणि जांभळा यांतला फरक कळत नसे, त्यामुळे त्याला या खोलीत मत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, खडे बसवणं कठीण असेल. छे! हात बसला की खडा बसतो. कठीण आहे ते जुळवणं. एक नीलम हिरव्याकडे झुकतो, दुसरा जांभळ्याकडे, तिसरा ढगाळ. एकेकटा प्रत्येक जण राजा. पण हारात सगळे सख्खे भाऊ दिसले पाहिजेत, एकही चुलत खपत नाही. आक्का खडे मेणाच्या पट्टीवर मांडायच्या, डोळे बारीक करायच्या आणि एखाद्याला चिमट्याने अलगद बाहेर काढायच्या. "तू ऊठ रे बाबा, तुझं या घरात जमायचं नाही." त्यांनी जुळवलेला हार माल नेणारा दुकानदार पुन्हा तपासत नसे. आक्कांनी आयुष्यात कमावलं असेल, तर हेच.

सून नवीन असताना एकदा बोलून गेली होती, "आई, हा कडेचा जरा हिरवट नाही वाटत?" झालं! आक्कांनी भिंग खाली ठेवलं. "सूनबाई, तू पॉलिश बघ. रंग आक्काच ठरवणार." पोरीने त्यानंतर रंगाबद्दल ब्र काढला नाही.

मग आक्कांना मोतीबिंदू झाला. "जन्मभर खडे बसवले, आता हा आगाऊ मोती माझ्याच डोळ्यात येऊन बसला," म्हणून सगळ्यांना हसवलं आणि डॉक्टरांना आज-उद्या करत चांगलं झुलवलं. बारीक काम तर भिंगाखाली नीट दिसत होतं, मग घाई कसली? शेवटी मुलाने जवळजवळ उचलूनच नेलं, तेव्हा कुठे एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी कामाला बसायची परवानगी दिली त्या सकाळी आक्का खिडकीत उभ्या राहिल्या. गंमत म्हणून त्यांनी जुना डोळा झाकला. आभाळ निळंशार. मग नवा झाकला. तेच आभाळ चहाच्या फडक्याने पुसल्यासारखं! पुन्हा हा, पुन्हा तो. रंगाचा न्याय त्या इतके दिवस या मळकट डोळ्यांनी करत होत्या?

आणि मेजाच्या खणात नीलमाचा हार तयार होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी स्वतः जुळवलेला, स्वतः बसवलेला. दुकानदार तो न्यायला आज येणार होता. हार चुकला असेल तर याआधीचे किती चुकले असतील? ज्या नावावर डोळे मिटून माल जातो, त्या नावाचं काय?

सून भाजी आणायला गेली होती. आक्कांनी हार काढला, खिडकीत धरला आणि नव्या डोळ्याने एकेक खडा पाहिला. सगळे सख्खे भाऊ! निळे, गहिरे, एका आईचे.

"अगं बाई! याला म्हणतात नजर!" आक्का एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. "मोतीबिंदूलासुद्धा पुरून उरले मी!"

मग कौतुकाने त्यांनी भिंग लावलं. खडा धरून ठेवणारी सोन्याची इवलीशी नखं आक्का नेहमी उजवीकडून दाबत. हारात तीन खड्यांची नखं डावीकडून दाबलेली होती. काम सफाईदार होतं, पण त्यांच्या हातचं नव्हतं. या घरात डावखुरं एकच माणूस होतं.

सून पिशवी घेऊन आत आली आणि हार पाहून दारातच थबकली.

"किती दिवसांपासून?" आक्कांनी विचारलं.

"तुम्ही जिन्याच्या पायऱ्या चाचपडायला लागलात, तेव्हापासून. प्रत्येक दागिन्यात नाही. लागेल तिथेच खडा बदलला."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत, आई?"

आक्कांना राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींवर कडी करून या पोरीबद्दल असं काही भरून आलं की नवा डोळा जपायचा असतो हेसुद्धा विसरायला झालं.

तेवढ्यात दुकानदार आला. हार उजेडात धरून म्हणाला, "वा! आक्का, तुमच्या नजरेला तोड नाही."

सुनेने मान खाली घालून पॉलिशचं फडकं उचललं. आक्का मान डोलावून मोकळ्या झाल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं.

"माझी नजर कुठली?" आक्का म्हणाल्या. "गेला बराच काळ तुम्ही हिची नजर नेताय, माझ्या नावावर. यापुढे रंग हिला विचारा. हिने नको म्हटलेला खडा मी बसवणार नाही."

सुनेने फडक्यानेच डोळे पुसले. नाकाला पॉलिशचा हिरवट डाग लागला तरी तिला पत्ता नाही.

"पण आई," ती कशीबशी म्हणाली, "मग तुमचा नवा डोळा काय करणार?"

"काय करणार म्हणजे? तुझ्या चुका काढणार!" आक्का म्हणाल्या, आणि आपलं मेज बाजूला ओढून त्यांनी खिडकीसमोरची जागा तिला करून दिली.