अर्धा डबा चिकसा

मला हळद दोनदा लागली आहे. पहिली माझ्या लग्नात आणि दुसरी पुतण्याच्या लग्नात, वयाच्या साठाव्या वर्षी!

दोष सगळा माझ्या चौकसपणाचा. औंधच्या आत्यानं लग्नाच्या आठ दिवस आधी आमच्याकडे साताऱ्याला एक पत्र्याचा डबा पाठवला आणि फोनवर बजावलं, "सदा, डब्यात चिकसा हाय. रोहितच्या हळदीला विट्याला घिऊन ये. जपून आण, बाबा. ह्या हातांनी कुटलाय. आता पुन्यांदा कुटायचं बळ न्हाई."

"चिकसा होय? आणतो की!" मी म्हणालो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसानं 'म्हणजे काय?' असं विचारायचं असतं का? (विचारायचं असतं. हे फार उशिरा कळलं.)

फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळू लागला. बायकोला विचारलं.

"आमच्याकडं नुसती हळद असायची. आत्यांनाच विचारा की!"

आता आत्यांना विचारायचं कोणत्या तोंडानं? शेजारच्या निवृत्त सुभेदारांना गाठलं. ते म्हणाले, "पलटणीत आसलं काय नव्हतं, गुरुजी." शेवटी माळ्यावरचा जुना शब्दकोश काढला. चिकसा: अंगाला लावण्याचे सुगंधी चूर्ण. एवढंच! म्हणजे ही तर आपल्या पणजोबांची पावडर! मला इतका आनंद झाला, की डबा उघडून नाक आत घातलं. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद... शिंका आल्या, पण काय तो वास! पुढचे आठ दिवस मी रोज झाकण उघडून हुंगत होतो.

बायको आदल्या दिवशीच विट्याला गेली होती. हळदीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलो आणि मोह आवरेना. चिमूटभर काखेत लावून पाहिला. बरं वाटलं. मग मानेला, छातीला. मग बायकोच्या डब्यातला पफ घेतला आणि हात पोहोचेल तिथवर पाठीला! वर पांढराशुभ्र सदरा चढवला आणि नवरदेवाचा थोरला चुलता ऐटीत एसटीत बसला.

मे महिना. वडूज यायच्या आत घाम सुटला. चूर्णात डाळीचं पीठ असतं, हे शब्दकोशानं मला सांगितलं नव्हतं. आधी सगळं चिकट झालं. मग खिडकीतल्या गरम वाऱ्यानं ते वाळलं आणि माझी मान जागच्या जागी गच्च झाली. सदऱ्याची कॉलर पिवळीजर्द!

शेजारच्या सीटवरचे पाव्हणे बराच वेळ बघत होते. "आवं पाव्हणं, कावीळ हाय का?"

"नाही हो, चिकसा आहे."

"आसूं द्या. पथ्य पाळा, उतार पडंल."

विट्यात धाकटा भाऊ, रोहितचा बाप, दारातच उभा होता. तो दूरच्या शहरात सोनं गाळायचं दुकान चालवतो. माझ्या मानेवरून बोट फिरवून म्हणाला, "दादा, बावीस कॅरेट दिसतोय की रं!" मी हसलो. तेवढ्यात मानेवरचा एक पोपडा पडला.

पण आत्या हसली नाही. तिनं डबा उघडला. अर्धा! तिनं डब्याकडं पाहिलं, मग माझ्या कॉलरीकडं.

"सदा, आंगाला लावलास?"

"थोडासाच, आत्या. आंघोळ झाल्यावर..."

"आंघोळ झाल्यावर? आरं, तेलात कालवून चोळायचा आसतूय, आन् मग न्हायचं! आन् पयला मान नवरदेवाचा. त्याचा उष्टा आटपाडीला नवरीला जायचा हुता. आता तुझा उष्टा धाडू व्हय पोरीला?"

मांडवातल्या बायका खो-खो हसत सुटल्या. आत्या मात्र भिंतीकडे तोंड करून बसली. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी. घरातल्या प्रत्येक लग्नाचा चिकसा तिनं कुटलेला आणि हे तिच्या हयातीतलं घरातलं शेवटचं लग्न. रोहित म्हणाला, "आत्याआजी, नुसती हळद लावू या की." तिनं पदर डोळ्यांना लावला. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी कुटतो, आत्या," मी म्हणालो. "तू सांग, मी कुटतो."

बाजारातून सामान आलं आणि खलबत्ता पुढ्यात आला. "बारीक कूट. आजून बारीक," आत्या म्हणत होती. कचोरा कुटताना दंडात गोळे आले. दोन तासांनी तिनं चिमूट बोटांत चोळली, हुंगली आणि म्हणाली, "व्हय. ह्यो चिकसा." तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आन् त्या आर्ध्या डब्याचं काय?" माझ्या बायकोनं विचारलं.

"ज्येनं लावलाय त्यालाच बशीव पाटावर!" आत्या म्हणाली.

बसवलं. तेलात कालवून अख्खा अर्धा डबा माझ्या अंगाला चोळला, गाणी म्हटली आणि उष्टा बायकोला लावला! आटपाडीहून नवरीसाठी चिकसा न्यायला आलेले पाव्हणे दारातच थबकले. एकानं दुसऱ्याला विचारलं, "स्थळ दाखवलं तवा नवरदेवाला केस हुते न्हवं रं?"

साताऱ्याला परतल्यावर मी कोशात चिकसा शब्दापुढे पेन्सिलीनं भर घातली: 'आंघोळीपूर्वी, तेलात कालवून.' दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याखाली बायकोचं अक्षर: 'आणि डबा गुरुजींच्या हाती न देता.'