ओइवाचा पंप आणि हेडलीची रेघ

माझा धाकटा भाऊ उर्पो नोकरीत रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि उरलेल्या वेळात खुळ्यासारखा वागायचा. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत आले आहे, त्यामुळे इथे सांगायला मला कसली लाज? पार उत्तरेला, इनारीच्या तळ्याकाठी आमची घरं एकाच आवारात. त्याच्या घरामागून जंगलात एक तार जाते, ती कुठे संपते ते मी आजवर पाहिलेलं नाही. रेनडियर तिच्यात शिंगं अडकवून घेतात, मग त्यांचा मालक आमच्या दारात येऊन शिव्या देतो, आणि त्याला कॉफी मीच पाजायची.

हौशी रेडिओवाले खूप असतात, पण उर्पोची जात त्यातही वेगळी. सगळ्यात खालच्या पट्टीवरची, कानाला ऐकूही न येणारी लहर हे लोक पकडतात. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटते. एक ठिपका उमटायला एक मिनिट, एक रेघ उमटायला तीन. पाठवणाऱ्याने बटण खाली पाडलं की ते तसंच राहतं आणि रेघ वाढत जाते, वर केलं की थांबते.

"काय म्हणाला रे तो?" मी विचारायची.

"अजून म्हणतोय," हा पडद्यावरून नजर न काढता सांगायचा. तोवर माझे बटाटे उकडून व्हायचे.

बरं, ते सामान तरी धड असावं! कधी बर्फाच्या वजनाने तार तुटे. शेडमधली तारेची पिंपाएवढी गुंडाळी ओली होऊन ठिणग्या टाकायची, मग हा माझा केस वाळवायचा पंखा न विचारता नेऊन ती वाळवत बसायचा. एका वर्षी तिच्यात उंदरांनी संसार थाटला. पण हा कधी वैतागला नाही. बिघाड सापडला की उलट खुश असायचा.

हे सगळं एका माणसासाठी. हेडली. समुद्रापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये राहणारा म्हातारा मच्छीमार, बायको गेलेली, घर टेकडीवर एकटंच. फोनच्या तारेची गुणगुण यंत्रात येते म्हणून त्या बहाद्दराने घरात फोनसुद्धा ठेवला नव्हता. आवाज कसा आहे हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि मैत्री सख्ख्या भावांसारखी. कितीतरी हिवाळे दोघं एक गाठ पुरी करायला धडपडत होते. दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं, कसं दिसतंय ते कळवायचं, आणि शेवटी 'मिळालं' म्हणून एक अक्षर पाठवायचं. ठिपका, रेघ, ठिपका. हे सगळं लहरीवरूनच. मध्येच फोन केला किंवा कुणाकरवी विचारलं की सगळं बाद. तपासायला कुणी येत नाही, पण त्या लोकांची अब्रूच ती.

तो हिवाळा शेवटचा होता. वसंतात हेडलीची मुलगी त्याला शहरातल्या फ्लॅटमध्ये नेणार होती. तिथे तार कुठे बांधणार? त्यामुळे दोघंही हट्टाला पेटले होते.

डिसेंबरातल्या एका सकाळी उर्पो धावत माझ्या स्वयंपाकघरात आला. "राइली, चल, चल! नावं झाली, सगळं झालं. आता फक्त शेवटचं अक्षर!"

मी गेले. पडद्यावर ठिपका आला होता. मग रेघ सुरू झाली. उर्पोने माझा हात इतका आवळला की बोटं दुखली. तीन मिनिटं झाली. रेघ थांबेना. पाच झाली. दहा झाली.

"हे काय?" मी विचारलं.

"शेजारचा कचरा!" तो ओरडला. "कुणाचं तरी यंत्र नेमकं हेडलीच्या लहरीवर येऊन बसलंय. त्याचा ठिपका खाली दबून जाणार, राइली! आत्ताच, आत्ताच मरायचं होतं याला?"

त्याने आधी स्वतःच्या घरातलं एकेक बंद केलं. मग माझा फ्रीझर काढला. मासे वितळले तर तुलाच खायला घालीन म्हटलं, तरी ऐकेना. मग कचरा कुठून येतोय ते हुडकायला हातात लहान रेडिओ घेऊन गावात निघाला. बर्फावरून पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन दारोदार हिंडला. खिडकीतले नाताळचे मेणबत्तीसारखे दिवे बंद करा, चार्जर काढा, टीव्ही बंद करा. लोक चांगले, करायचे बिचारे. रेघ जशीच्या तशी.

"अरे, त्या हेडलीलाच विचार ना, त्याच्याकडून काही येतंय का! त्याच्या टेकडीखालच्या दुकानवाल्या बाईचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आणि गाठ बाद करू? एका ठिपक्यासाठी?" तो माझ्यावर असा खेकसला की मी उठून माझ्या स्वयंपाकघरात गेले.

दुपारी तो म्हाताऱ्या ओइवाकडे गेला. ओइवाने नुकताच घर गरम करायचा नवा पंप बसवला होता. "उणे पंचवीसमध्ये पंप बंद करू? उर्पो, तू मला मारायला आलायस का?" ओइवा म्हणाला. पण केला बंद. आणि घरी येऊन बघतो तर पडदा कोरा! रेघ गेली!

उर्पो अक्षरशः नाचला. ओइवासाठी लाकडं फोडून दिली, उद्या दुपारपर्यंत पंप लावू नको म्हणून हात जोडले. आज आता काही येणार नाही, म्हणाला, तिकडे उजाडलं असेल. हेडली उद्या पुन्हा पाठवेल. त्या रात्री सौनात वाफ घेऊन तो लहान मुलासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी उठला तर पडद्यावर रेघ होती. रात्रभराची, अखंड.

तो माझ्याकडे आला तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती, पायात मोजे नव्हते. मला वाटलं ओइवा गेला.

"ओइवाचा पंप बंदच आहे," तो म्हणाला. "राइली, ही लहर समुद्रावरून येते ती दोन्हीकडे अंधार असला तरच. आपल्याकडे या दिवसांत सूर्य उगवतच नाही. काल रेघ गेली ती हेडलीकडे उजाडल्यावर. तिकडे मावळल्यावर परत आली. गावातल्या कचऱ्याला हेडलीचा सूर्य कसा कळेल?" त्याचे दात वाजत होते. "ही त्याचीच रेघ आहे. त्याने बटण खाली केलं आणि वर केलंच नाही."

मी फोन उचलला. इंग्रजी मला येतं, पाहुण्यांच्या खोल्या झाडून शिकलेलं. दुकानवाली फिलोमीना तिकडच्या पहाटे उठली, मोबाईल कानाला लावूनच टेकडी चढली. मला तिची धाप ऐकू येत होती.

"दिवा तर दोन्ही दिवस दिसत होता," ती म्हणत होती. "म्हटलं, बसला असेल तुमच्याशी बोलत."

मग दार वाजलं. मग ती रडायला लागली.

हेडली जमिनीवर होता. चूल विझून गार. तिने त्याच्या मानेला हात लावला तर नाडी नव्हती, पण अंग अजून पुरतं थंड नव्हतं. पडल्यावर त्याने खुर्चीवरचा कोट ओढून अंगावर घेतला होता. कोट ओढणारा माणूस जिवंत असतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. किती वेळ होता, देव जाणे. मी उर्पोला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला त्याचा रागही आला होता आणि दयाही येत होती.

"इथे यंत्र घरघरतंय," फिलोमीना म्हणाली. "बटण खाली आहे. वर करू? आणि... तो सगळ्यांना सांगत फिरत होता, आता एकच अक्षर राहिलंय म्हणून. उरलेला ठिपका मी देऊ का? कसा द्यायचा ते सांगा. त्याला बरं वाटेल."

मी उर्पोला विचारलं. तो पडद्याकडे बघत नाही म्हणून मान हलवत राहिला.

"आता तरी तुझे नियम सोड रे!" मी किंचाळले.

"नियम नाही गं," तो म्हणाला. "त्याने दिवसभर मला हाक मारली आणि मी गावाचे दिवे विझवत हिंडलो. तो ठिपका मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी फिलोमीनाला म्हटलं, नको, बाई, फक्त बंद करा. तिने बंद केलं. पडद्यावर रेघ थांबली, आणि उर्पो माझ्या मांडीवर डोकं ठेवून आमची आई गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता तसा रडला.